एका हाताचा खेळ

हवालदारांनी मला उद्देशून उच्चारलेला पहिला शब्द ‘हाल्ट’ हा होता. रहिमतपूरच्या हायस्कुलात संस्कृतचा शिक्षक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्याने घेतली होती, आणि जवळची वाट म्हणून घराशेजारच्या खळ्यातून पायांत जोडे घालून निघालो होतो. हुकूम ऐकताच मी थिजलो. उचललेला पाय उचललेलाच राहिला. समोर धोतरावर खाकी कोट घातलेले, साधारण माझ्याच वयाचे, म्हणजे चाळिशी उलटलेले, उंच गृहस्थ उभे होते.

“मास्तर, खळ्यात जोडं? आन तेबी पाचव्या घरावर?”

खळ्यात पादत्राणे घालून जाऊ नये हे मला ठाऊक असायला हवे होते. पण पाचवे घर ही काय वस्तू आहे ते कळेना. मी खाली पाहिले. माझ्या जोड्यापुढे, बोटभर अंतरावर, फुटक्या मडक्याचा गळा काठापर्यंत जमिनीत पुरलेला होता आणि त्यात देवीच्या व्रणांसारख्या खाचा असलेला एक पांढरा चेंडू निवांत बसलेला होता.

“माफ करा,” मी म्हणालो. अनोळखी माणसाशी बोलताना माझ्या तोंडून त्या काळी एवढेच निघत असे.

“माफी चेंडूची मागा. लय लांबनं आलाय त्यो.”

लढाई संपून हवालदार घरी आले, तेव्हा त्यांच्या पेटीत दोन चेंडू होते आणि डोक्यात एक खेळ होता. इटलीत त्यांच्या खांद्याला गोळी लागली होती. समुद्रकाठच्या एका हॉटेलाचे तिथे लष्करी इस्पितळ केलेले होते. त्या हॉटेलाच्या बागेत हवापालटाला येणाऱ्यांसाठी छोट्या गोल्फचे मैदान होते, आणि बऱ्या होऊ लागलेल्या शिपायांना संध्याकाळी तिथे खेळायची मुभा असे. याहून अधिक ते सांगत नसत. खांदा पूर्ण बरा झाला होता. गुळाची ढेप ते एका दमात उचलून छकड्यात टाकीत. परंतु घरी आल्यावर त्यांनी पहिले काम काय केले, तर खळ्यात नऊ गाडग्यांचे गळे पुरले.

ते मैदान मी अजून डोळे मिटून फिरू शकतो. दुसऱ्या घराला जाताना चेंडू मोटेच्या जुन्या कातडी सोंडेत शिरून पलीकडून बाहेर पडायचा. चौथ्याला गाडीच्या चाकाची मोडकी लोखंडी धाव आडवी होती. सातवे घर मधल्या तिवड्याच्या बरोबर मागे. मळणीच्या वेळी ज्या खांबाभोवती बैल फिरत, त्याला वळसा घालून चेंडू नेणे हे हवालदारांच्या मते माणसाच्या अकलेचे खरे माप होते. मळणीच्या दिवसांत खेळ बंद राही. त्याला ते ‘तह’ म्हणत. धान्य घरात गेले की तह संपे.

गावाचे मत याबाबतीत एक होते. हवालदारांचे धाकटे भाऊ आप्पा ते उघड बोलून दाखवीत. आप्पा म्हणजे ऊस, गूळ आणि बाजार. त्यापलीकडे जगात काही असेल अशी त्यांना शंकाही नव्हती. कुंपणापलीकडे उभे राहून ते विचारीत, “दादा, गोळी नक्की खांद्यालाच लागली व्हती न्हवं? का डोस्क्याला लागून खांद्यात उतरली?”

“तू खेळून बग, मग बोल.”

“गोट्या खेळायचं वय ऱ्हायलं न्हाई माजं.”

हवालदार पुन्हा चेंडूकडे वळत. मात्र त्या दिवशीचे त्यांचे सगळे फटके हुकत. असा खेळ जगात आहे यावर गावात कोणाचाच विश्वास नव्हता, आणि ते त्यांना गोळीपेक्षा जास्त लागले होते, हे मला पुढे समजत गेले.

मी खेळायला कसा लागलो हे नीटसे सांगता येणार नाही. मुलगा असताना मी कोणताही खेळ खेळलो नाही. छाती दम्याची, डोळ्यांवर चष्मा, आणि कोणी पाहत आहे असे वाटले की हातापायांतले बळ जायचे. वर्गात हेडमास्तर येऊन बसले तर मला पाठ असलेली विभक्तीसुद्धा आठवत नसे. बाजारात नमस्कार-चमत्कार नकोत म्हणून मी ओढ्याकाठच्या वाटेने शाळेत जाई. अशा माणसाने खोलीच्या खिडकीतून रोज सकाळी एक चेंडू जमिनीवरून हलकेच सरकताना पाहावा, आणि एके दिवशी तो चेंडू गडगडत खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबावा, एवढेच घडले. मी तो उचलून देण्यासाठी बाहेर आलो. हवालदारांनी चेंडू घेतला नाही. बाभळीची काठी माझ्या हातात दिली. तिला खाली लोहाराने ठोकून दिलेली लोखंडी टाच होती.

“मारू नगा. सोडा. चेंडूला घाई नसती मास्तर, घाई आपल्याला असती.”

मी सोडला. तो तिवड्यावर आपटला आणि परत माझ्याच पायाशी आला.

“ब्येस! रंगरूट भरती झाला.”

पुढे माझ्या बढत्या होत गेल्या. सोंडेतून चेंडू पार झाला त्या दिवशी मी शिपाई झालो. तिवड्याला वळसा घातला तेव्हा लान्सनाईक. प्रत्येक बढतीला ते टोपी घालून ताठ उभे राहत, माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवीत आणि मी तो खाऊन संपवेपर्यंत हसत नसत. एखाद्या पदवीदान समारंभात मला इतके अवघडल्यासारखे वाटले नव्हते, आणि इतके बरेही वाटले नव्हते.

या खेळाचा सर्वांत कडक नियम एका हाताचा होता. काठी एकाच हातात धरायची; दुसरा हात पाठीमागे, मूठ मिटून, कमरेच्या मणक्यावर. उजवा की डावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण दोन हात लावले तर पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात. एकदा आठव्या घराशी भान विसरून माझा डावा हात काठीवर आला, तर हवालदारांनी चेंडूच उचलून घेतला.

“दोन हातानं बायका दळण दळत्यात. ह्यो खेळ हाय.”

ओसरीवर तांदूळ निवडणाऱ्या वहिनींनी, हवालदारांच्या पत्नीने, मान वर न करता म्हटले, “आवं, एक डाव दळून तरी बगा. मग खेळाचं बोला.”

हवालदारांनी ऐकले नाही असे दाखवले. पण नंतर बराच वेळ ते वहिनींकडे पाठ करून खेळत होते.

वस्तुतः त्या मैदानाच्या खऱ्या मालकीणबाई वहिनीच होत्या. दर आठवड्याला त्या खळे शेणाने सारवीत. त्यांच्या बोटांचे अर्धगोल वाळल्यावर जमिनीवर उमटून राहत, आणि चेंडूचा वेग मंदावला की तो त्या अर्धगोलांच्या कलाने वळे. म्हणून फटक्याआधी हवालदार वाकून जमीन वाचीत. “आज घरधनीन भांडून सारवायला बसलीया,” ते मला हळूच सांगत. “बोटं खोल गेल्यात. डावीकडनं सोडा.” आणि चेंडू खरोखर डावीकडून वळून घरात पडे. व्याकरणाच्या ज्या सूत्रांवर माझे आयुष्य गेले, तीही अशी वाचता आली असती तर माझे विद्यार्थी कदाचित जागे राहिले असते.

सांगलीची बातमी मीच वाचून दाखवली. सकाळी ओसरीवर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचा परिपाठ पडला होता. कोपऱ्यात चार ओळी होत्या: सांगलीच्या एका वकिलांनी आपल्या बागेत छोट्या गोल्फचे मैदान बांधले असून, होळीनंतर तेथे हौशी खेळाडूंची स्पर्धा होणार आहे, कोणीही यावे.

हवालदार उठले. आत जाऊन टोपी घालून आले. “पुन्यांदा वाचा.”

मी पुन्हा वाचले. मग त्यांनी कुंपणाकडे तोंड करून हाक मारली, “आप्पा! ये आप्पा! हिकडं ये रं! छापून आलाय!”

आप्पा आले. मी तिसऱ्यांदा वाचले. आप्पांनी आपल्या हातात कागद घेऊन तो उलटसुलट पाहिला, जणू मागच्या बाजूला थोरल्या भावाचीच सही असावी.

त्या दोघांत खळ्यावरून वर्षभर धुसफूस चाललेली होती. आप्पांना त्या जागेवर गुऱ्हाळ घालायचे होते. घराजवळची, रस्त्यालगतची, टणक जागा दुसरी नव्हती. थोरल्या भावाच्या हातून जमीन ओढून घेणे त्यांना जमत नव्हते आणि रिकामी पाहवतही नव्हती. ते म्हणाले, “हे बग दादा. मीबी येतो सांगलीला. तू म्हंतोस तसाच खेळ तितं चालत असंल, तर खळं तुजं. मी गुऱ्हाळ खालच्या मळ्यात नेतो, पुन्यांदा तोंड उघडणार न्हाई. आन नसंल, तर पाडव्याला हितं काहील चढवायची. हाय कबूल?”

“कबूल,” हवालदार म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “लान्सनाईक, तयारीला लागा.”

“मी?” मी दचकून विचारले. “आपण खेळणार ना?”

हवालदारांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिले, जणू मी या मुलखात नवखाच आहे. “मास्तर, वस्ताद कवा आखाड्यात उतरतो का? पठ्ठ्या उतरतो.”

अशा रीतीने, ज्याला आयुष्यात कोणी खो-खोच्या खांबाशीही उभे केले नव्हते, तो दमेकरी ब्राह्मण रहिमतपूरच्या हवालदारांचा पठ्ठ्या म्हणून सांगलीच्या आखाड्यात उतरला. निघण्याच्या सकाळी वहिनींनी माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाल्या, “हरला तरी चालंल मास्तर. फकस्त ह्यांचं तोंड उतरू दिऊ नगा.”

वकिलांची बाग देखणी होती. मैदान सिमेंटचे होते, घोटून गुळगुळीत केलेले, घरांच्या तोंडाशी पितळी कड्या. भोवती खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर कॉलेजातली मुले, काही व्यापारी, एक-दोन डॉक्टर असे बसले होते. हवालदारांनी एक फेरी मारली. लाकडी पूल, वळणाची भिंत, छोटासा बोगदा. सगळे तेच होते. त्यांचा चेहरा उजळत गेला. बोगद्याशी थांबून ते आप्पांना म्हणाले, “मोटंची सोंड! बगितलीस?” आप्पांनी मान हलवली. त्यांना ते नाकारता येईना.

पहिला फटका माझ्या वाट्याला आला. मी मैदानाच्या कडेला जोडे काढले. मुले हसली. मी चेंडू ठेवला, उजव्या हातात काठी धरली, डाव्या हाताची मूठ पाठीमागे नेली. आणि हसणे एकदम वाढले. माझा फटका अर्थातच हुकला. सिमेंटला वहिनींची बोटे नव्हती. चेंडू सुसाट पुढे जाऊन भिंतीवर आपटला. मग माझा प्रतिस्पर्धी, कॉलेजातला एक सडपातळ मुलगा, पुढे आला. त्याने काठी दोन्ही हातांनी धरली. त्याच्यामागे सराव करणारे सगळेच दोन्ही हातांनी धरत होते. मी ते आल्यापासून पाहत असणार; परंतु लोकांकडे पाहण्याचे मी इतके टाळत होतो की ते माझ्या ध्यानातच आले नव्हते.

वकीलसाहेब स्वतः पंच होते. पिकलेल्या मिशांचे, मृदू बोलणारे गृहस्थ. जवळ येऊन त्यांनी विचारले, “मास्तर, डाव्या हाताला काही दुखापत आहे का?”

“नाही.”

“मग तो मागे का?”

“नियम आहे.”

“कुठला नियम?”

मी हवालदारांकडे पाहिले. तेही त्या मुलाच्या हातांकडे पाहत होते. इतका उंच माणूस उभ्या जागी लहान होताना मी पूर्वी पाहिला नव्हता. ते मैदानाच्या कडेपर्यंत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “मास्तर, दोनी हातानं मारा. माजंच कायतरी चुकलं आसंल.”

त्यांच्यामागे आप्पा उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मला नमूद केले पाहिजे. ते खाली पाहत होते.

दुसरा हात काठीवर ठेवणे सोपे होते. हसणे तत्काळ थांबले असते. पण तो हात काठीवर आला असता, तर हवालदारांनी उभारलेले सगळे काही, बाकी कोणी नाही तर त्यांच्याच पठ्ठ्याने, भर मैदानात खोटे ठरवल्यासारखे झाले असते. मी वकीलसाहेबांना विचारले, “एका हाताने खेळायला बंदी आहे का?”

वकीलसाहेब म्हणाले, “बंदी नाही. पण तोटा तुमचा आहे.”

“मला असेच शिकवले आहे,” मी म्हणालो, “आणि मी असाच खेळेन.”

ते वाक्य बागेत सगळ्यांना ऐकू गेले. माझा आवाज इतका लांब जातो, हे मलाही नवीन होते.

मी हरलो. तिसऱ्या घरापर्यंत मुले हसत होती, पाचव्याला हसायची थांबली, आणि सातव्याला, वळणाच्या भिंतीमागून माझा चेंडू एका फटक्यात घरात गेला तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली. हवालदारांनी त्या दिशेला पाहून करड्या स्वरात म्हटले, “खेळ चालू हाय!” तरीही मी हरलो. त्या सडपातळ मुलाने मला वाकून नमस्कार केला. का, ते मी विचारले नाही.

परतीच्या गाडीत आम्ही तिघे एका बाकावर होतो. किर्लोस्करवाडी मागे पडली. शेवटी आप्पा म्हणाले, “खेळ खरा हाय, दादा. त्ये मी मानतो. पर तू शिकीवलास त्यो न्हवं.”

“न्हवं,” हवालदार म्हणाले. “सबूद म्हंजी सबूद. खळं तुजं.”

“पर एक हात तू आणलास कुटनं?”

हवालदार खिडकीबाहेर पाहत बोलू लागले. “आमचा वार्ड हाताचा व्हता. ज्येला त्येला हाताला नायतर खांद्याला लागल्यालं. सगळ्यांचा एकेक हात गळ्यात बांदल्याला. मग एका हातानंच खेळनार की.”

“मग त्ये तवा ध्येनात आलं न्हाई तुज्या?”

“आलं असतं. पर डाक्टरीनबाई व्हती एक. गोरी, म्हातारी. रोज सांजंला खेळायला यायची. तिचं दोनी हात धड व्हते. आन मैदानात पाय ठिवला की तीबी डावा हात मागं धरायची. म्हून मला वाटलं, ह्यो नेमच हाय. धडधाकट बाईबी पाळतीया. मी तर तिला हसायचो रं. म्हनायचो, बाई, तुमास्नी एका हातानं न्हाई जमत. तीबी हसायची. म्हनायची, न्हाई जमत, हवालदार, तुमी शिकवा.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, म्हणून मला दिसले. काही वर्षांपूर्वीची ती बाई त्यांना त्या क्षणी, गाडीच्या त्या बाकावर, पहिल्यांदा नीट दिसली होती.

“आरं तिच्या मायला,” ते अगदी हळू म्हणाले, आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले. “निगताना मी तिला नुस्ता राम राम करून आलो.”

रहिमतपूरच्या स्टेशनावर उतरल्यावर आप्पांनी भावाच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली, आणि घर येईपर्यंत ती परत दिली नाही.

सकाळी कुदळीच्या आवाजाने मी बाहेर आलो. हवालदार अनवाणी, खळ्यात गुडघे टेकून बसले होते आणि पहिल्या घराचे मडके उकरीत होते. वहिनी ओसरीच्या कडेला उभ्या होत्या. शेणाची पाटी भरून आणलेली तशीच त्यांच्या पायाशी होती. “थांबा म्हनावं मास्तर,” त्या मला म्हणाल्या.

आप्पा कुंपणाशी आले. मग त्यांनी वहाणा काढल्या, आत आले, आणि तिवड्याला टेकवून ठेवलेली काठी उचलली. जन्मात खुरप्यापलीकडे काही न धरलेल्या हाताने त्यांनी ती चाचपून पाहिली.

“दादा, त्ये मडकं हाय तितं ऱ्हाऊ दे.”

हवालदारांनी वर पाहिले नाही. “सबूद दिलाय मी.”

“मीबी दिलाय की. तू म्हंतोस तसा खेळ असंल तर खळं तुजं, असं म्हनलो व्हतो. त्या बाईनं खेळला म्हंजी हाय.” त्यांनी चेंडू जमिनीवर ठेवला, दोन्ही पाय रोवून उभे राहिले, आणि आपल्या दोन्ही हातांकडे पाहत राहिले. मग चिडल्यासारखे, मोठ्याने म्हणाले, “आरं सांग की आता! कंचा हात मागं धरायचा?”